कुंडीतला युरिया जातो कुठे?

महालक्ष्म्यांना घरची जास्वंद असावी, म्हणून गेल्या वर्षी श्रावणात गच्चीवरच्या कुंड्यांना चमचा-चमचा युरिया दिला. त्याच रात्री लातुरात झड लागली ती तीन दिवस उघडली नाही. कुंडीखालच्या ताटल्या चहासारख्या पाण्यानं भरून वाहत होत्या. पंधरवड्यात जास्वंदीची बुडाकडची पानं पिवळी पडली. खत झाडाला घातलं होतं, पोचलं पन्हाळीला.

हिशोब सोपा आहे. फूटभर तोंडाच्या कुंडीचं क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर. १० मिलिमीटर पाऊस झाला की तिच्यात ७०० मिलिलिटर पाणी पडतं. ५० मिलिमीटर झाला तर साडेतीन लिटर. शेतात पाणी खाली मुरतं, मुळंही थोडीफार त्याच्या मागं जातात. कुंडीत मात्र खाली भोक, भोकाखाली फरशी.

युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे नायट्रोजन असतं आणि तो पाण्यात साखरेसारखा विरघळतो. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसल्यानं मातीचे कण त्याला फारसं धरून ठेवत नाहीत. काही दिवसांत त्याचा अमोनियम होतो. तो धनभारित आणि मातीचे कण ऋणभारित, म्हणून आपली काळी माती त्याला घट्ट धरते. पुढं जिवाणू त्याचा नायट्रेट करतात. नायट्रेट स्वतःच ऋणभारित, त्यामुळं पाणी नेईल तिकडं जातो. वाफसाच आला नाही, माती चिकचिक राहिली, तर हवेविना जगणारे जिवाणू उरलेल्या नायट्रेटचा वायू करून टाकतात. नुसत्या काळ्या मातीनं कुंडी भरणाऱ्यांचं नुकसान होतं ते असं.

‘पण युरियाला निंबाचं तेल लावलेलं असतं की!’ असं शेजारचे काका म्हणाले. २०१५पासून देशात तयार होणारा सगळा युरिया निमयुक्त करणं सक्तीचं आहे, हे खरं. पण निंब अमोनियमचा नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना आवर घालतो. तो काही दाण्यावरचा रेनकोट नव्हे. दाणा पहिल्याच सरीत विरघळतो.

खरा रेनकोट असतो तो राळेचं किंवा प्लास्टिकचं पातळ आवरण असलेल्या मण्यांसारख्या खताला. आवरणातून पाण्याची वाफ आत शिरते, खत आतल्या आत विरघळतं, दाब वाढतो आणि ते हळूहळू बाहेर झिरपतं. इथं वेग ठरतो तो मुख्यतः उष्णतेवर. पाऊस ५ मिलिमीटर झाला की ५०, यानं फारसा फरक पडत नाही. बाहेर आलेलं थोडं वाहून जाईल, आतला साठा शाबूत राहतो.

मेख आहे ती पाकिटावरच्या महिन्यांत. ‘६ महिने’ हा आकडा बहुतेकदा २१ अंश सेल्सिअसला धरलेला असतो. मराठवाड्यात पावसाळ्यातही उघडीप पडली की पारा तिशीच्या वर जातो, आणि काळ्या प्लास्टिकची कुंडी तर त्याहून तापते. म्हणून आपल्याकडं हे खत लवकर संपतं. एप्रिल-मेमध्ये तर एकदम जास्त सुटून, कोरड्या कुंडीत मुळं करपवू शकतं. लिटरभर मातीला ३ ग्रॅमच्या आसपास पुरे, तेही जून लागल्यावर. मातीत दोन बोटं खोल मिसळावं; वर भुरभुरलं तर मणी पाण्यावर तरंगून जातात. रिकामी टरफलं मातीत वर्षानुवर्षं राहतात, हे मला खटकतं.

त्यापेक्षा स्वस्त आणि टरफलं न सोडणारी निंबोळी पेंड आहेच. ती जिवाणूंनी कुजवल्यावरच नत्र सोडते, आणि ऊब-ओल असली की हे काम जोरात चालतं. पावसाळ्यात तिच्यावर बुरशी दिसते. घाबरू नये, मातीत कालवावी. हाडांच्या खताच्या मात्र नादी लागू नये. त्यातला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आम्लधर्मी मातीत सुटतो आणि आपली माती चुनखडीची.

चुनखडीवरून आणखी एक. पिवळी पानं शेंड्याची असतील आणि शिरा हिरव्या, तर दुखणं बहुधा लोहाचं. तिथं नत्र कितीही हळू दिलं तरी उपयोग नाही. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्याला देतं, म्हणून पिवळेपणा बुडापासून चढतो. माझ्या जास्वंदीचं तेच झालं होतं.

यंदा जूनमध्ये तिच्या कुंडीत मणी मिसळले. परवा, ऑक्टोबरच्या उन्हात, माती उकरून एक मणी चिमटीत दाबला. फट् करून फुटला. आत नुसतं पाणी होतं.