तुमचा घरचा नॅस: बसवून झाल्यावर वाचायचं पान

नमस्कार,

राउटरशेजारी आम्ही जो छोटा डबा बसवून दिला आहे, तो तुमचा नॅस (नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज), म्हणजे घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारं फाइली साठवायचं यंत्र. आत दोन हार्ड डिस्क आहेत. घरच्या वायफायवरच्या सगळ्या फोनना आणि लॅपटॉपना तो दिसतो आणि अ‍ॅप चालू ठेवलं की फोटो आपोआप त्यात जमा होतात. जुना साठा पहिल्यांदा भरताना मात्र लॅपटॉपला लॅन केबल लावा. गिगाबिट केबलवरून सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे ५०० जीबीचं काम दीड-दोन तासांत उरकतं. वायफायवर त्यालाच रात्र जाते.

आता कळकळीची विनंती. दोन डिस्क आहेत म्हणून बॅकअप झाला असं धरून चालू नका. दोन्हींवर तोच डेटा एकाच वेळी लिहिला जातो. याला रेड-१ म्हणतात. एक डिस्क गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं, एवढाच त्याचा उपयोग. मुंजीच्या फोटोंचं फोल्डर चुकून डिलीट झालं तर ते दोन्हींवरून त्याच क्षणी जातं. रॅन्समवेअरनं, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवणाऱ्या घातक सॉफ्टवेअरनं, फाइली लॉक केल्या तरी तेच. शिवाय चोर डबा नेतो तेव्हा दोन्ही डिस्क सोबतच जातात.

म्हणून एक वेगळी यूएसबी डिस्क हवीच. महिन्यातून एकदा ती नॅसला लावा, कॉपी पूर्ण झाली की इजेक्ट करून काढा आणि शक्य असेल तर दुसऱ्या घरी ठेवा, आईवडिलांकडे किंवा भावाकडे. कायम लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्या तडाख्यात सापडू शकते. फोनच्या अ‍ॅपमध्ये ‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ हे वेगळे पर्याय असतील तर ‘बॅकअप’ निवडा. दुतर्फा सिंकमध्ये फोनवरून काढलेला फोटो नॅसवरूनही निघून जातो.

बाहेरगावाहून फाइली बघण्याबद्दल आम्ही जरा कडक आहोत, आणि त्याला कारण आहे. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या डब्यांतला डेटा इंटरनेटवरून परस्पर पुसला गेला. त्या मॉडेलला २०१५ नंतर अपडेट मिळालेच नव्हते. शेवटी ‘डबा इंटरनेटपासून तोडा’ असं कंपनीलाच सांगावं लागलं. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या रॅन्समवेअरनं क्यूनॅप कंपनीच्या नॅसवरच्या फाइली लॉक करून ०.०३ बिटकॉइनची खंडणी मागितली. दोन्ही वेळी इंटरनेटवरून थेट पोचता येणारे डबेच सापडले.

त्यामुळे आम्ही राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करत नाही, म्हणजे इंटरनेटवरून थेट नॅसपर्यंत येणारी वाट (पोर्ट) उघडत नाही, आणि अशी वाट उपकरणांना आपोआप उघडू देणारी यूपीएनपी ही सोय बंद ठेवतो. कुणी ओळखीचा ‘पोर्ट उघडून देतो, पटकन होईल’ म्हणाला तरी उघडू देऊ नका. तुमच्या फोनवर टेलस्केल हे अ‍ॅप टाकून दिलं आहे. ते फोन आणि नॅस यांना खाजगी, सुरक्षित वाटेनं जोडतं. ते चालू करा आणि मग नॅसचं अ‍ॅप उघडा. इंटरनेट कंपनी स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा तुमच्या घराचा स्वतःचा पत्ता) देत नसली तरीही हे चालतं. परदेशातल्या मुलांना व्हिडिओ अडखळत दिसला तर आधी तुमच्या घरचा अपलोड स्पीड तपासा, बहुतेक वेळा अडतं तिथेच. अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त घरातल्या एका माणसाकडे असू द्या. बाकीच्यांना स्वतंत्र खाती काढून दिली आहेत.

वीज जाते तिथे साधा इन्व्हर्टर पुरेलच असं नाही. वीज गेल्यावर तो सुरू व्हायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात लिहिता लिहिता नॅस बंद पडू शकतो. यूएसबी केबलनं नॅसला जोडता येणारा यूपीएस घ्या. बॅटरी संपत आली की नॅस स्वतःहून नीट बंद होतो. केबलवाल्याची तांब्याची लॅन वायर गच्चीवरून येत असेल, तर विजा कडाडायला लागल्यावर ती राउटरमधून काढून ठेवा.

लाल दिवा लागला किंवा बीप वाजू लागला तर रिसेट दाबू नका, डिस्कही ओढून काढू नका. दिव्यांचा फोटो काढून आम्हाला पाठवा. कुठली डिस्क गेली ते सिरियल नंबर जुळवून पाहिल्यावरच आम्ही ती बदलतो, कारण चांगली डिस्क चुकून निघाली तर डेटा परत मिळवणं फार अवघड होऊन बसतं.