इरॅस्मसने विवाहाचे साक्रामेंतपण नाकारले नव्हते

विवाहावरच्या लेखात सोळाव्या शतकातले इरॅस्मस (कॅथलिकच राहिलेला विद्वान) आणि ल्यूथर (प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक) एकाच वाक्यात दिसले की मी सावध होतो. ‘दोघांनीही विवाह साक्रामेंत नाही असे सांगितले’ हे वाक्य पुढे ठरलेलेच असते. ते चूक आहे. (साक्रामेंत म्हणजे देवाची कृपा देणारा पवित्र ख्रिस्ती विधी; कॅथलिक परंपरेत असे सात, त्यांत विवाहही.)

ल्यूथरचे मत बहुतेकांना ठाऊक असते. विवाहाला कृपेचे वचन जोडलेले नाही, म्हणून तो साक्रामेंत नाही, असे त्याने १५२० मध्ये साफ लिहिले.

घोळ होतो तो बायबलच्या नव्या करारातल्या इफिसकरांस पत्राच्या ५:३२ या वचनावर. नवरा-बायको एकदेह होण्याबद्दल बोलून प्रेषित पौल तिथे ‘हे रहस्य मोठे आहे’ म्हणतो. मूळ ग्रीक शब्द ‘मिस्टेरिऑन’, म्हणजे रहस्य. व्हल्गेट या चर्चच्या जुन्या लॅटिन बायबलात तिथे ‘साक्रामेंतुम’ आहे, आणि धर्मपंडित शतकानुशतके त्याच शब्दावर बोट ठेवून विवाहाचे साक्रामेंतपण सिद्ध करत आले. इरॅस्मसने १५१६ मध्ये बाझलला ग्रीक नवा करार टिपांसह छापला. त्याचे म्हणणे असे, की हे रहस्य ख्रिस्त आणि ख्रिस्तसभेच्या (म्हणजे चर्चच्या) नात्याचे आहे. नुसत्या शब्दावरून साक्रामेंत सिद्ध होत नाही. मला हे पूर्ण पटते, आणि त्यासाठी व्हल्गेटच पुरे आहे: प्रकटीकरण १७:७ मध्ये श्वापदावर बसलेल्या स्त्रीच्या रहस्यालाही ‘साक्रामेंतुम’ म्हटले आहे. तिचा सात साक्रामेंतांशी काय संबंध?

पण विवाह साक्रामेंत आहे हे मी नाकारत नाही, ते या वचनावरून शिकवता येते का एवढेच तपासतो आहे, असे इरॅस्मसने टिपांमध्येच स्पष्ट केले. एक पुरावा बाद झाला म्हणून दावा बुडत नाही. ख्रिस्तसभेने परंपरेने जे मानले त्याला इरॅस्मसच्या लेखी वजन होते. ल्यूथरला शास्त्रवचनच हवे होते. ते निसटले की त्याच्या दृष्टीने सगळेच निसटले. टिपांमधला नेमका हा खुलासाच लोक वाचत नाहीत. इरॅस्मसने १५२६ मध्ये इंग्लंडची राणी कॅथरिन हिला अर्पण केलेल्या ग्रंथातही विवाह साक्रामेंतच आहे.

घटस्फोटितांना पुनर्विवाहाची मुभा असावी, असे तो सुचवत होता. त्यावरूनही त्याला ल्यूथरच्या गोटात ढकलतात. तो प्रश्न वेगळा.

मराठीत ‘विवाहसंस्कार’ म्हटले की डोळ्यांपुढे सप्तपदी येते, म्हणून वसई-गोव्याकडचा ‘साक्रामेंत’ हाच शब्द मला बरा वाटतो.

१५६३ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने विवाहाला साक्रामेंत न मानणाऱ्यांना बहिष्कृत ठरवले. पण त्याच ठरावात इफिसकरांस पत्रातल्या वचनाबद्दल शब्द आहे तो ‘सिद्ध करतो’ असा नव्हे. पौल हे ‘सुचवतो’, एवढेच तिथे म्हटले आहे.