प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे नेमके कोणते आकडे?

जेथ्रो टल या बँडमध्ये इयान अँडरसनची बासरी पुढे असते, इमर्सन, लेक अँड पामर या त्रिकुटात गिटारची मानाची जागा ऑर्गन आणि मूग सिंथेसायझर घेतात, आणि किंग क्रिमसनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर मेलोट्रॉनचा, म्हणजे प्रत्येक पट्टीमागे ध्वनिमुद्रित फीत फिरवणाऱ्या वाद्याचा, दाट थर आहे. तिघांवर शिक्का मात्र एकच: प्रोग्रेसिव्ह रॉक. गाणे ऐकून त्याचा प्रकार टक्केवारीत सांगणारी ॲप निघाल्यापासून, संगीतप्रकार हा आवाजातच दडलेला गुणधर्म आहे आणि बारकाईने मोजला की तो हाती लागतोच, असा समज रूढ होऊ लागला आहे. तो तपासायचा तर संगणक नेमके काय ऐकतो, हे पाहायला हवे.

या मोजणीची एक जुनी रीत मला फार देखणी वाटते. सेकंदाला ध्वनिलहरीच्या उंचीचे २२,०५० नमुने घेतले, तर तीस सेकंदांच्या संगीताचे ६,६१,५०० आकडे होतात. त्यांचे ५१२-५१२ नमुन्यांचे, म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंदांचे काप करतात आणि प्रत्येक कापात कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे, हे फूरिए रूपांतराने काढतात. आपल्या कानाला १०० आणि २०० हर्ट्झमध्ये अख्ख्या सप्तकाचे अंतर जाणवते, पण ५,००० आणि ५,१०० हर्ट्झमधले अंतर जेमतेम कळते. म्हणून वारंवारतांचे पट्टे खाली अरुंद आणि वर रुंद ठेवतात. हीच मेल मोजपट्टी. मग पट्ट्यांतील ऊर्जेचे लॉगरिथम घेऊन, तो आलेखच जणू एक तरंग आहे असे मानून, त्याचे कोसाइन रूपांतर करतात आणि साधारणपणे पहिले तेरा गुणांक ठेवतात. त्यांत आलेखाची ढोबळ ठेवण उरते आणि स्वराच्या उंचीमुळे पडलेल्या बारीक सुरकुत्या बऱ्याच अंशी गळून जातात. उरतो तो आवाजाचा पोत, ज्यामुळे तोच सूर बासरीवर वेगळा आणि ऑर्गनवर वेगळा वाटतो.

गफलत पुढच्या पायरीवर होते. सगळ्या कापांच्या गुणांकांची सरासरी आणि विचलन काढले, की तेच त्या गाण्याचे वर्णन ठरते. हे काप पत्त्यांसारखे पिसून कसेही लावले तरी सरासरी तसूभरही हलत नाही, कानाला मात्र निव्वळ खरखर ऐकू येते. प्रोग्रेसिव्ह रॉकमधील बँडना जोडणारा धागा तर बराचसा क्रमातच असतो: लांबलचक, अनेक भागांची रचना आणि मध्येच बदलणारे मात्रांचे हिशेब. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या ‘मनी’ या गाण्यात सॅक्सोफोन सात मात्रांत वाजतो आणि त्यानंतरची गिटार चार मात्रांत. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर एका मात्रेतच असे वीसहून अधिक काप येतात.

आजची न्यूरल जाळी, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या संगणकीय रचना, याहून लांब पल्ल्याचे ऐकतात, हे खरे. पण ती शिकतात माणसांनी लावलेल्या शिक्क्यांवरूनच. २००२ साली त्झानेटाकिस आणि कुक या संशोधकांनी दहा प्रकारांचे प्रत्येकी शंभर तुकडे वर्गीकरणासाठी वापरले आणि सुमारे ६१ टक्के यश नोंदवले. हाच संच पुढे असंख्य संशोधकांनी वापरला. २०१२ मध्ये संशोधक बॉब स्टर्म यांनी तो तपासला, तेव्हा त्यात काही तुकडे दोनदा आलेले आणि काहींवर चुकीचा शिक्का बसलेला आढळला. ॲपची टक्केवारी छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की ती मुख्यतः अशा शिक्क्यांशी असलेले साम्य मोजते.

शिक्के बाजूला ठेवून केवळ साम्यावरून गट पाडले तरी अडचण उरतेच. गटाचा मध्यबिंदू काढला तर बासरी, ऑर्गन आणि मेलोट्रॉन यांची अशी सरासरी येते, जी कोणताच बँड वाजवत नाही. जवळच्याला जवळचा जोडत गेले तर साखळी लांबते आणि तिची दोन टोके एकमेकांना ओळखतही नाहीत. माणसांचेही असेच होते: १९८९ मध्ये हार्ड रॉक आणि मेटल या जोडप्रकाराचा ग्रॅमी पुरस्कार मेटॅलिका या मेटल बँडला डावलून बासरीवाल्या जेथ्रो टलला मिळाला.