रोआनोकच्या दोन वसाहती: १५८५ ची परत गेली, १५८७ ची हरवली

अमेरिकेतली रोआनोकची हरवलेली इंग्रज वसाहत, म्हणजे जिथली माणसं कुठे गेली ते कधी कळलंच नाही ती, म्हणून जे सांगितलं जातं त्यात बऱ्याचदा दोन वेगवेगळ्या वसाहती एकत्र कालवलेल्या असतात. एक १५८५ ची, दुसरी १५८७ ची. बेट तेच, आजच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळचं, दोन्हींच्या मागे माणूस तोच वॉल्टर रॅले (राणी एलिझाबेथचा दरबारी, जो स्वतः तिथे कधी गेलाच नाही), आणि जॉन व्हाइट हे नाव पण दोन्हीकडे येतं, त्यामुळे गोंधळ होणारच. पण हरवली ती फक्त दुसरी. पहिलीतली जवळपास सगळी माणसं जहाजात बसून घरी गेली. आणि माझं तर स्पष्ट म्हणणं आहे की पहिलीवाल्यांनी तिथे काय करून ठेवलं हे कळल्याशिवाय दुसरीवाल्यांचं काय झालं असेल हे कळूच शकत नाही.

पहिली म्हणजे सरळ लष्करी ठाणं होतं. १५८५ च्या उन्हाळ्यात रिचर्ड ग्रेनव्हिल जहाजं घेऊन आला आणि शंभरावर माणसं सोडून गेला, सगळे पुरुष, बरेचसे सैनिक, गव्हर्नर राल्फ लेन पण सैन्यातलाच. स्पॅनिश जहाजांच्या वाटेवर तळ हवा होता आणि सोनं-तांबं मिळतंय का ते बघायचं होतं. सोबत थॉमस हॅरियट हा गणितज्ञ होता, ज्याने मँटेओ आणि वॉन्चीज या आदल्या वर्षी इंग्लंडला नेलेल्या दोन स्थानिकांकडून त्यांची भाषा शिकून घेतली होती, योआकिम गान्स नावाचा प्रागचा ज्यू धातुतज्ज्ञ होता, आणि जॉन व्हाइट होता तो चित्रकार म्हणून. त्याची जलरंगातली चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यातलं एक आवर्जून बघा, चार खुंट्यांवर काड्यांची जाळी, खाली विस्तव आणि वर अख्खे मासे भाजायला ठेवलेत, इतक्या आपुलकीने काढलंय की ही माणसं शेजारी म्हणून राहू शकली असती असं वाटून जातं.

राहिली नाहीत. टायगर नावाचं मोठं जहाज किनाऱ्याशी अडकलं, पोटात समुद्राचं पाणी शिरलं आणि बरंचसं धान्य नासलं, म्हणजे पहिल्या दिवसापासून विंगिना या तिथल्या प्रमुखाच्या मक्यावर आणि माशांवर अवलंबून. त्यात चांदीचा एक पेला चोरीला गेला म्हणून इंग्रजांनी एक अख्खं गाव आणि उभं पीक जाळलं. एका पेल्यासाठी! शिवाय हॅरियटनेच लिहून ठेवलंय की इंग्रज जिथे जाऊन यायचे त्या गावांत नंतर माणसं पटापट मरायला लागायची, म्हणजे रोगराई पण यांनीच आणली. विंगिनाने हळूहळू हात आखडता घेतला, लेनला कटाचा वास आला आणि १ जून १५८६ ला बोलणी करायच्या निमित्ताने जाऊन त्याने विंगिनाला मारलं, मुंडकंच उडवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत फ्रान्सिस ड्रेक हा इंग्रज दर्यावर्दी आपली जहाजं घेऊन तिथे पोचला, मोठं वादळ झालं, आणि लेन जवळपास सगळ्यांना घेऊन ड्रेकबरोबर निघून गेला. ते गेले आणि मागून ग्रेनव्हिल रसद घेऊन हजर, बेटावर कोणी नाही, मग जागा राखायला १५ जण ठेवून तोही गेला. त्या १५ जणांवर हल्ला झाला, पुढच्या वर्षी एकाची फक्त हाडं सापडली. हे १५ जण पण खूपदा "हरवलेल्या वसाहतीत" मोजले जातात, पण ते वेगळं प्रकरण आहे.

आता दुसरी, म्हणजे खरी हरवलेली. १५८७ च्या जुलैमध्ये साधारण ११५ माणसं उतरली, त्यात १७ बायका, काही लहान मुलं, दोघी तर गरोदर. ही संसार मांडायला आलेली माणसं होती, प्रत्येकाला ५०० एकर जमिनीचं आश्वासन होतं. यावेळी गव्हर्नर जॉन व्हाइट, तोच चित्रकार. आणि हे फार कमी सांगितलं जातं, की त्यांना रोआनोकला राहायचंच नव्हतं! ठरलं होतं चेसापीकच्या खाडीत उत्तरेला जायचं, रोआनोकला फक्त त्या १५ जणांची खबर घ्यायची होती, पण सिमाओ फर्नांडिस या पोर्तुगीज नावाड्याने उन्हाळा संपत आला म्हणून पुढे न्यायला नकार दिला. म्हणजे ज्या बेटासमोरच्या किनाऱ्यावर वर्षभरापूर्वी प्रमुखाचा खून झालाय नेमक्या त्याच बेटावर बायकापोरं उतरवली.

आठवड्याच्या आत जॉर्ज हाउ उथळ पाण्यात एकटा खेकडे पकडत असताना मारला गेला, अंगावर बाणांच्या सोळा जखमा. तरीही क्रोएटोअन बेटावरचे लोक, म्हणजे मँटेओचे नातलग, मैत्री ठेवायला तयार होते. त्यांनी एकच विनंती केली की आम्हाला काहीतरी खूण द्या, कारण मागच्या वेळी लेनच्या माणसांनी आम्हाला विंगिनाचे समजून मारलं, आणि त्यात जायबंदी झालेला आपला माणूस पण दाखवला. यानंतर दहा दिवस पण झाले नसतील, व्हाइटने हाउचा बदला घ्यायला पहाटे एका गावावर हल्ला केला आणि तिथे होते कोण, तर हेच क्रोएटोअन, पळून गेलेल्या शत्रूचा मका गोळा करायला आलेले. हे वाचताना मला दरवेळी चीड येते.

१८ ऑगस्टला व्हाइटची नात व्हर्जिनिया डेअर जन्मली, आणि २७ ला आजोबा रसद आणायला इंग्लंडला निघाला. पण स्पॅनिश आरमाराच्या धास्तीने राणीने जहाजं अडवून ठेवली, १५८८ मध्ये दोन छोट्या बोटींतून केलेला प्रयत्न फ्रेंच लुटारूंनी हाणून पाडला, आणि तो पोचला ते १८ ऑगस्ट १५९० ला. घरं उतरवून नेलेली, भोवती लाकडी कुंपण, एका खांबावर नीट कोरलेलं क्रोएटोअन, झाडावर त्याचीच पहिली तीन अक्षरं. जाताना ठरलं होतं की जागा बदलली तर नाव कोरा आणि संकट असेल तर वर क्रूस काढा. क्रूस नव्हता. म्हणजे तो पत्ता होता, ओळखीच्या बेटाचा, आजच्या हटेरसचा. त्याला गूढ शब्द, शाप वगैरे बनवतात ते मला अजिबात पटत नाही. व्हाइटला तिकडे जायचंच होतं, पण वादळ, तुटलेले नांगर, पाण्याची टंचाई, जाता आलं नाही.

तिसरी सरमिसळ जेम्सटाउनची. ते १६०७ चं, आजच्या व्हर्जिनिया राज्यातलं, आणि ते हरवलं नाही, उपासमारीतून कसंबसं टिकलं. माणसाने माणूस खाल्ल्याचा हाडांवरचा पुरावा तिथला आहे, रोआनोकचा नाही.

प्रत्यक्ष जागेवर पण हा घोळ आहेच. रोआनोकवर उत्खननात धातू वितळवून तपासायची कार्यशाळा सापडली, ती गान्स आणि हॅरियटची, म्हणजे १५८५ ची. १५८७ च्या कुटुंबांची घरं नेमकी कुठे होती ते अजून मिळालेलंच नाही.

मग ही माणसं गेली कुठे? सायप्रसच्या झाडांची वर्तुळं मोजून १९९८ मध्ये दाखवलं गेलं की १५८७ ते १५८९ हा तिथला ८०० वर्षांतला सगळ्यात कोरडा तीन वर्षांचा काळ होता. अशा दुष्काळात शंभरावर पाहुण्यांना हटेरससारखं चिंचोळं वाळूचं बेट एकट्याने पोसू शकलं असेल असं मला वाटत नाही. व्हाइट निघाला तेव्हा ५० मैल आत सरकायचं बोलणं झालंच होतं, आणि २०१२ मध्ये त्याच्या नकाशावर चिकटवलेल्या कागदाखाली आतल्या खाडीच्या टोकाला किल्ल्याची खूण दिसली, त्या भागात इंग्रजी मडक्यांचे तुकडे पण मिळालेत. दुसरीकडे हटेरसच्या लोकांनी जॉन लॉसन या इंग्रज प्रवाशाला सांगितलं होतं की आमच्या पूर्वजांत वाचता येणारे गोरे लोक होते, त्याने ते १७०९ मध्ये छापलं, आणि त्यांच्यातल्या काहींचे डोळे करडे असल्याचंही लिहिलं. माझा कल म्हणूनच गट फुटले याकडे आहे, काही मँटेओच्या लोकांत हटेरसला, बाकीचे आत मुख्य भूमीवर.