खोगीर होते, जोते नव्हते : खानदेशात घोडा औताला का आला नाही

ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या आठवड्यात रावेर तालुक्यातल्या चिनावलला लम्पी या गुरांच्या त्वचारोगाचे त्या साथीतले राज्यातले पहिले जनावर सापडले. सप्टेंबरात गुरांचे बाजार बंद झाले, जनावरांची ने-आण थांबली आणि ज्याचा एक बैल आजारी पडला त्याची जोडीच मोडली, कारण जोडीदार आणायचा कुठून? घोडा, खेचर, गाढव यांना लम्पी होत नाही. तेव्हापासून पारावर एक प्रश्न अधूनमधून निघतो : सारंगखेड्याचा एवढा मोठा घोडेबाजार दाराशी भरतो, मग कोळप्याला, म्हणजे तण काढायच्या औताला, एखादे घोडे जुंपले तर काय बिघडले?

प्रश्न रास्त आहे. पण खानदेशात घोडा शेकडो वर्षे आहे आणि तरीही तो औताला आलेला नाही. याला आळस किंवा अज्ञान हे उत्तर पुरत नाही.

फारुकी सुलतानांची गादी आधी थाळनेरला आणि नंतर बऱ्हाणपूरला होती. १६०१ मध्ये अकबराने असिरगड घेतला आणि खानदेश मुघलांकडे गेला. सुरतेहून आग्र्याला जाणारा व्यापारी रस्ता तापीच्या खोऱ्यातून बऱ्हाणपूरवरून जाई. या रस्त्यावर घोडा दिसे तो स्वाराखाली. माल ओढायला आणि वाहायला बैलच. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांविषयी लिहून गेला आहे. माणसांच्या प्रवासाच्या गाड्यांनाही बैल जुंपलेले पाहून त्याला नवल वाटले होते. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवरच नेत.

मराठेशाहीत घोडा ही लढाईची मालमत्ता होती. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. घोडा मेला तर शिलेदाराचे पोट जाई. असे जनावर कोणी नांगराला लावत नाही. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा त्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेला. स्वारीचा घोडा बेकार झाला. उरले ते पाटला-देशमुखांचे घोडे, मामलेदाराचे तट्टू आणि पुढे टांगा. मुंबई-आग्रा रोडवर बैलगाड्यांची रहदारी वाढली, रेल्वे भुसावळला पोहोचली, १९०० पर्यंत तापी खोऱ्याची लोहमार्गाची रेघही पुरी झाली. स्टेशन ते गाव हे शेवटचे अंतर टांग्याने तोडायचे, ही पद्धत रिक्षा येईपर्यंत टिकली. घोड्याने खानदेशात ओढकाम केले ते एवढेच : डांबरी किंवा मुरमाच्या रस्त्यावर, चाकावर, हलके.

दुसऱ्या बाजूला बैलाची निवड पिढ्यानपिढ्या होत होती. खिल्लारची एक शाखा 'तापी खिल्लार' किंवा 'थिल्लारी' म्हणूनच ओळखली जाते, आणि सातपुड्यापलीकडून निमाडी बैल येत राहिले. गंमत अशी, की हिंडत्या पशुपालकांच्या बिऱ्हाडात घोडेही असतात. साक्रीकडचे ठेलारी मेंढ्यांमागे निघाले की घोड्याच्या पाठीवर भांडी, अंथरूण, कोंबड्या आणि लहान कोकरे लादतात. म्हणजे पुन्हा पाठच. या भागात घोड्यासाठी खोगीर आहे, लगाम आहे, तंग आहे, तोबरा आहे. औताचे जोते मात्र घोड्याच्या मापाने कुणी केलेच नाही.

कारण शरीरात आहे. आपल्या बैलाला वशिंड असते. जू मानेवर, वशिंडाच्या पुढे बसते आणि बैल ओढू लागला की वशिंड त्याला मागे सरकू देत नाही. दोन शिवळा (जुवातल्या उभ्या खुंट्या), गळ्याखालून एक जोते (पट्टा), झाले काम. सुताराने सकाळी घेतलेले लाकूड संध्याकाळी जू होऊन शेतात जाते. घोड्याला वशिंड नाही. त्याची मान वर उभी असते आणि जोर येतो छातीच्या दोन्ही अंगांच्या खवाट्यांतून. त्याच्या मानेवर जू ठेवले तर ओढताना ते मागे घसरून खांद्यांमधल्या उंच हाडावर आदळते आणि गळ्याखालचे जोते श्वासनळीवर चढते. घोडा चार पावले जातो, थांबतो, मान झटकतो. मालक म्हणतो, जनावर आडमुठे आहे. जनावर गुदमरत असते.

युरोपातही नवव्या-दहाव्या शतकानंतर, भरीव गादीचा गळपट्टा पसरल्यावर, घोडा हळूहळू नांगराला आला. चीनमध्ये हा गळपट्टा त्याच्या बराच आधी माहीत होता. त्या गळपट्ट्यासोबत तिकडे ओट नावाचे धान्य आणि लोखंडी नालही लागले. आपल्याकडे नाल होती, नालबंद होता. गळपट्टा आणि परवडणारे धान्य या दोन जागा रिकाम्या राहिल्या.

धान्याचे गणित तर आणखी कडक आहे. बैल रवंथ करतो. ज्वारीचा कडबा, भुईमुगाचा पाला, वर थोडी सरकीची पेंड, यावर तो हंगाम काढतो. घोड्याचे पोट लहान, चारा कुजण्याची जागा आतड्याच्या मागच्या भागात. वजनाच्या दोन ते अडीच टक्के कोरडा चारा त्याला रोज लागतो, तोही दिवसभर थोडा थोडा. कामाच्या दिवसांत हरभरा किंवा जव वेगळा. नुसता जाड कडबा आणि कमी पाणी मिळाले की आतडे तुंबते, पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, म्हणून आत गेलेले आत राहते. हिरव्या ज्वारीवर सतत ठेवले तर मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा त्रास होतो, चाल लटपटते. ज्या मुलखाचा मुख्य चाराच ज्वारी आहे, तिथे ही अडचण लहान नव्हे.

तिसरी गोष्ट खुराची. बैलाचा खूर दुभंगलेला. काळ्या चिखलात पाय टाकताना तो फाकतो, उचलताना मिटतो, त्यामुळे चिखल पाय धरून ठेवत नाही. घोड्याचा एकसंध खूर ओल्या काळ्या जमिनीत डाट बसल्यासारखा रुततो. मुरमाड, हलक्या रानात तोच घोडा बैलापेक्षा झपझप चालतो. सातपुड्याच्या पायथ्याचे रान आणि तापीकाठचा गाळ, यांना एकच उत्तर नाही.

खेचराचे काय? गाढव नर आणि घोडी यांची ती संतती. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. म्हणून त्याची पुढे वीण नाही आणि प्रत्येक खेचर नव्याने पैदा करावे लागते. चांगल्या मापाच्या खेचराला उंच गाढव नर हवा. इथले कुंभार-बेलदारांचे गाढव बुटके, त्यातून निघणारे खेचरही बुटकेच. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने खेचरांसाठी फ्रान्सचे पोईतू जातीचे नर आणले, पण तो सारा कारभार उत्तरेकडचा, लष्कराच्या आणि डोंगरी वाहतुकीच्या गरजेतून आलेला. खानदेशात खेचर कधी रुळलेच नाही. वीटभट्टीवर गाढव होते, त्याची जागा ट्रॅक्टर घेत चालला आहे.

देशभरचे आकडेही घसरणीचेच. २०१२ च्या पशुगणनेत घोडे-तट्टू सव्वासहा लाखांच्या आसपास होते, २०१९ मध्ये ३.४ लाख. खेचरे याच काळात सुमारे दोन लाखांवरून ८४ हजारांवर आली. गाढवे १.२ लाख उरली, म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त घट.

मग सारंगखेड्यात काय विकले जाते? शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीला हा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरे येतात. गिऱ्हाईक बघते रंग, उंची, कानांची टोके, पंचकल्याण (चारही पाय आणि कपाळ पांढरे) आहे का, देवमण हा शुभ भोवरा कुठे आहे, भोवरा अशुभ जागी तर नाही ना, रेवाल (धक्का न देणारी) चाल किती सफाईची आहे. लाखांचे सौदे होतात ते वरातीसाठी, नाचासाठी, हौसेसाठी. छाती किती रुंद, गुडघ्याखालच्या नळीचे हाड किती जाड, हे विचारणारा विरळा. ओढकामाला जनावर घ्यायचे तर डोळे दुसरीकडे लावावे लागतात : ठेंगणे, रुंद छातीचे, आखूड पाठीचे, शांत तट्टू. भीमथडी, म्हणजे भीमाकाठच्या जातीच्या, रक्ताचे मिळाले तर उत्तम. वयासाठी दात पाहा. मधले दोन कायमचे दात अडीच वर्षांना, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला येतात. पाचव्या वर्षी तोंड भरते. चार वर्षांच्या आतले जनावर औताला लावू नये.

आता ओढीचा हिशेब. दिवसभर टिकणारी ओढ वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी. दोन बैल मिळून ८०० किलोचे धरले तर ८० किलो. अडीचशे किलोचे तट्टू २५ किलो ओढेल. काळ्या जमिनीत नांगर किंवा खोल वखर त्याच्या आवाक्याबाहेर, एवढे यातूनच कळते. एका तट्टाने करायचे काम म्हणजे भुसभुशीत, वाफशावरच्या (ओल आहे पण चिखल नाही अशा) रानात हलके कोळपे, कपाशीच्या किंवा केळीच्या ओळींमधून, जिथे ट्रॅक्टर शिरत नाही. जमीन कडक झाली की थांबायचे.

साज असा बसवावा. हलक्या कामाला छातीपट्टा चालतो : चार बोटे रुंद, आतून जाड गोधडीचे अस्तर. तो श्वासनळीच्या खाली आणि खांद्याच्या पुढे आलेल्या हाडाच्या वर यावा. वर गेला तर गळा दाबतो, खाली आला तर पुढचा पाय अडतो. मानेवरून जाणारी एक वादी त्याला त्या जागी धरून ठेवते. ओढपट्टे दोन्ही बाजूंनी सारख्या लांबीचे, मागे एका आडव्या दांडीला बांधायचे, आणि ती दांडी मध्यावर एकाच कडीने कोळप्याला जोडायची, म्हणजे ती डोलते. ही डोलणारी दांडी बहुतेक जण गाळतात. पट्टे थेट औताला बांधले की चालताना पुढे-मागे होणारे खांदे पट्ट्याखाली घासत राहतात आणि तिसऱ्या दिवशी केस जातात, आठवड्यात जखम. बैलाची खांदेसूज ओळखणारा शेतकरी ही जखम उशिरा पाहतो, कारण ती पट्ट्याखाली झाकलेली असते. काम सुटले की पट्टा काढून घाम पुसावा, हात फिरवून पाहावे. गरम गाठ लागली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी.

छातीपट्ट्याची मर्यादा अशी, की त्याला ओढ जवळजवळ आडवी लागते. औताची कडी फार खाली असेल तर पट्टा खाली खेचला जाऊन खांद्याच्या टोकावर बसतो. तेव्हा एकतर ओढपट्टे लांब करायचे किंवा गादीचा पूर्ण गळपट्टा शिवून घ्यायचा. गळपट्ट्याच्या तळाशी आणि गळ्याच्या मध्ये आडवा तळहात सरकला पाहिजे. बाजूंना सैल नको. जनावर हंगामात वाळले की मोकळी जागा वाढते आणि गळपट्टा हिंदकळून घासतो, म्हणून आतली गादी बदलती ठेवणे शहाणपणाचे.

गाडीला जुंपायचे तर कायद्याचे माप आहे. ओढकामाच्या आणि भारवाहू जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम सांगतात, की हवेच्या टायरच्या दोन चाकी गाडीत घोड्याला किंवा खेचराला ७५० किलो, साध्या चाकाला ५००. पाठीवर तट्टाला ७० किलो, खेचराला २००. दिवसात नऊ तास, सलग पाचांहून जास्त नाही, आणि ३७ अंशांच्या वर पारा गेला तर दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही. भुसावळ-जळगावच्या एप्रिल-मे महिन्यांत म्हणजे दुपार गेलीच.

विकत घेताना ग्लँडर्सची रक्ततपासणी झालेली हवी. हा रोग माणसाला लागतो आणि रोगी जनावर नष्ट करावे लागते. पण खानदेशातली रोजची काळजी 'सर्रा' या रोगाची. कोळपणीचे जून-अखेर ते सप्टेंबर हेच महिने गोमाश्यांचे. या माश्या एका जनावराचे रक्त पिऊन दुसऱ्याला चावतात आणि रक्तातला परजीवी घेऊन जातात. बैलात किंवा म्हशीत तो बहुधा गुपचूप राहतो, घोड्याला मारतो : येऊन-जाऊन ताप, पोटाखाली आणि पायांना सूज, खाऊनही हाडे दिसू लागणे, मागचा भाग डगमगणे. रक्ताचा नमुना ताप चढलेला असताना घेतला तर परजीवी दिसण्याची शक्यता जास्त, ताप उतरल्यावर काचपट्टी बहुधा कोरी येते. म्हणून बैलांच्याच गोठ्यात, त्याच दावणीला घोडे बांधणे, जे जागेअभावी पहिल्यांदा सुचते, ते पावसाळ्यात टाळावे. निराळे छप्पर, संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर आणि शेणाचा उकिरडा तिथून लांब.