पानावरून पानाबाहेर: स्रोतपडताळणीच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

इंटरनेटवरील माहिती पारखायला विद्यार्थ्यांना शिकवण्याचे काम सुरुवातीला मुख्यतः ग्रंथपालांच्या वाट्याला आले आणि त्यांनी ते साहजिकच ग्रंथालयाच्या शिस्तीने केले. लेखक कोण, प्रकाशक कोण, आवृत्ती कोणत्या वर्षाची, हे छापील पुस्तकाला विचारायचे प्रश्न संकेतस्थळांनाही विचारले जाऊ लागले. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या चिको येथील ग्रंथालयात सारा ब्लेकस्ली यांनी २००४ मध्ये तयार केलेली ‘क्रॅप’ चाचणी याच परंपरेतली होती. माहितीचा ताजेपणा, विषयाशी संबंध, लेखकाचा अधिकार, अचूकता आणि हेतू असे तिचे पाच निकष होते. पुढे कितीतरी महाविद्यालयांनी ती स्वीकारली.

या पद्धतीतली उणीव उघड होती, तरी ती ओळखायला बराच काळ गेला. ग्रंथालयाच्या फडताळावर पोहोचण्यापूर्वी पुस्तक संपादक आणि प्रकाशक यांच्या नजरेखालून गेलेले असते. संकेतस्थळावर मात्र ‘आमच्याविषयी’ हा मजकूरही मालकच लिहितो. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची माहिती देणारे एक बनावट संकेतस्थळ १९९८ पासून अस्तित्वात आहे. कनेक्टिकट विद्यापीठातील डोनाल्ड ल्यू यांच्या गटाने ते सातवीच्या मुलांना दाखवले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी ते खरे मानले. त्यासाठी मुलांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते, कारण पानावर जे असायला हवे असे त्यांना शिकवले होते, ते बहुतेक सगळे त्या पानावर होते.

खरी कलाटणी स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या अभ्यासाने दिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्यपडताळक आणि स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी होते. बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पाने, त्यांतले कोणते अधिक भरवशाचे ते ठरवण्यासाठी, त्यांच्यापुढे ठेवली होती. एक संघटना १९३० मध्ये स्थापन झालेली, हजारो सदस्यांची. दुसरी समलिंगी जोडप्यांच्या दत्तकाच्या प्रश्नावरून २००२ मध्ये तिच्यातून फुटून निघालेला छोटा गट. इतिहासकारांपैकी काही जण आणि बरेच विद्यार्थी पान वरून खालपर्यंत वाचत राहिले आणि बोधचिन्ह, मांडणी, संदर्भसूची यांवर भाळले. तथ्यपडताळकांनी मात्र काही क्षणांतच ते पान सोडले, शेजारी नवे टॅब उघडले आणि त्या संघटनेविषयी इतर लोक काय म्हणतात ते आधी पाहिले. डिजिटल साक्षरतेचे अभ्यासक माइक कॉलफील्ड यांनी हीच रीत वर्गात शिकवता येईल अशा चार पायऱ्यांत बसवली: थांबा, स्रोत कोणता ते पाहा, त्याच विषयावरचा अधिक भरवशाचा मजकूर शोधा, आणि विधान मूळ संदर्भापर्यंत नेऊन तपासा.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात आणि फार मोठी किंमत घेऊन पुढे आला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेने चिडलेल्या जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा जीव घेतला. त्यांतले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आलेले होते. अशा फॉरवर्डला ना लेखक असतो, ना तारीख, ना संकेतस्थळ. त्यामुळे अमेरिकेतल्या वर्गासाठी बेतलेले प्रश्न इथे सुरुवातीलाच अडखळतात आणि चित्राचा किंवा व्हिडिओचा उगम शोधणे हेच पहिले काम ठरते. केरळच्या कन्नूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये सुमारे दीडशे सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ हा उपक्रम राबवला गेला, तो याच गरजेतून.

अशा शिकवणीचा उपयोग किती होतो, याचे उत्तर बिहारमधून मिळते. राज्यशास्त्राच्या अभ्यासक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी केलेल्या प्रयोगात तासाभराच्या शिकवणीचा एकंदरीत विशेष परिणाम दिसला नाही. पुढे गावोगावच्या ग्रंथालयांत आठवी ते बारावीच्या हजारो विद्यार्थ्यांसाठी कित्येक आठवडे वर्ग घेतले गेले, तेव्हा मुलांची पारख स्पष्टपणे सुधारली. ती काही महिने टिकली, आणि मुलांकडून ती त्यांच्या आईवडिलांपर्यंतही पोहोचली.