तापलेल्या कॅल्क्युलेटरचा काळा पडदा

गेल्या हंगामात कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळावर चुलवाणाच्या कट्ट्यावर राहिलेल्या कॅल्क्युलेटरचा पडदा सबंध काळा पडला. "जळला बघा," असे गुळव्या म्हणाला. पण कॅल्क्युलेटर बाहेर सावलीत नेल्यावर पडदा कडेकडून उजळत गेला आणि मघाचीच बेरीज पुन्हा दिसू लागली. जळलेली वस्तू अशी पूर्ववत होत नाही. तिथे घडले होते ते अवस्थांतर, म्हणजे बर्फाचे पाणी होण्याच्याच जातीची घटना.

पडद्यातला पदार्थ म्हणजे द्रवस्फटिक. १८८८ साली प्राग येथे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट हे रसायन दोनदा वितळताना दिसले: १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो द्रव एकाएकी नितळ झाला. ही मधली गढूळ अवस्था म्हणजेच द्रवस्फटिक, आणि तिचे मर्म रेणूंच्या लांबट आकारात आहे. ट्रॉलीत भरलेल्या उसाचे कांडे मागेपुढे सरकलेले असले तरी सगळ्यांचा रोख एकच असतो. तसेच हे रेणू द्रवासारखे वाहतात, पण दिशा सांभाळतात. तापमान वाढते तशी ही शिस्त सैल होत जाते, मात्र ती झिजत झिजत शून्यावर येत नाही. बरीचशी शिल्लक असतानाच ठरावीक तापमानाला ती एकदम मोडते. त्यासाठी लागणारी उष्णता स्फटिक वितळवण्याच्या मानाने फारच थोडी असते, कारण रेणूंच्या जागा आधीच सुटलेल्या असतात, मोडायची राहिलेली असते ती फक्त दिशा.

आता पडद्याकडे वळू. दोन काचांमधले रेणू एका काचेपासून दुसरीपर्यंत पाव फेरा पिळलेले असतात. बाहेरच्या दोन ध्रुवक पट्ट्या, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पार सोडणाऱ्या पट्ट्या, एकमेकींशी काटकोनात असूनही या पिळाबरोबर प्रकाशाची कंपनदिशा वळते आणि तो पार जातो. आकड्याच्या जागी विजेचा दाब दिला की रेणू उभे राहतात, पीळ नाहीसा होतो, प्रकाश अडतो आणि आकडा काळा उमटतो. चुलवाणाच्या धगीने वीज न देताच सगळीकडचा पीळ मोडला, म्हणून सबंध पडदाच आकड्यासारखा काळा झाला.

जत्रेत 'मनाची अवस्था सांगणारी' म्हणून विकली जाणारी रंग बदलणारी अंगठीही बहुधा द्रवस्फटिकाचीच असते. तिच्यातल्या रेणूंचा मळसूत्री पीळ बोटाच्या उबेने घट्ट-सैल होतो आणि त्यानुसार रंग बदलतो. तिला तापमान कळते, मन नव्हे, म्हणून तिच्यावरून कोणाचा स्वभाव ठरवू नये.

कॅल्क्युलेटर निवताना मोडलेली शिस्त पुन्हा जुळली, तीही मूळच्याच पिळासह, कारण काचांच्या आतला थर एका दिशेने घासलेला असतो आणि त्याला लागून असलेले रेणू त्याच रोखाने बसतात. कडा आधी निवल्या, म्हणून उजेडही कडांकडून आत सरकला.